रक्ताच्या गुठळ्या आणि स्वप्रतिपिंडे : तपासणी कशी करून घ्यावी, अहवाल कसा वाचावा

पायाच्या शिरेत गुठळी झालेला पस्तिशीचा तरुण, चाळिशीच्या आत अर्धांगवायूचा झटका आलेली व्यक्ती आणि दहा आठवडे उलटल्यावर पोटातल्या बाळाचे ठोके थांबलेली स्त्री, या तिघांच्या हाती डॉक्टर पुष्कळदा एकाच तपासणीची चिठ्ठी देतात. चिठ्ठीवर ‘एपीएलए’ (अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी) एवढेच लिहिलेले असते. शरीर स्वतःच्याच, फॉस्फोलिपिडांना (पेशींच्या आवरणातील स्निग्ध घटकांना) चिकटणाऱ्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे तयार करत आहे का, हे या तपासणीतून पाहायचे असते. तशी ती असतील आणि त्यांच्यामुळे गुठळ्या किंवा गर्भपात होत असतील, तर त्या आजाराला अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम म्हणतात, लंडनच्या डॉ. ग्रॅहम ह्यूज यांनी १९८३ साली त्याचे वर्णन केले. या आजारावर चांगले उपचार आहेत आणि निदान झालेल्या अनेक स्त्रियांना पुढे निरोगी बाळ होते. म्हणूनच ही तपासणी चुकीच्या वेळी किंवा निष्काळजीपणे घेतलेल्या नमुन्यावर होणे मला फार गंभीर वाटते, कारण एका चुकीच्या ‘पॉझिटिव्ह’मुळे आयुष्यभर रक्त पातळ करणारे औषध मागे लागू शकते आणि एका चुकीच्या ‘निगेटिव्ह’मुळे पुढचा झटका टाळण्याची संधी हातची जाते.

सर्वांत आधी चिठ्ठी नीट पाहावी. पूर्ण तपासणी म्हणजे तीन वेगळ्या चाचण्या : ल्युपस अँटिकोॲग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन प्रतिपिंडे आणि अँटि-बीटा-२ ग्लायकोप्रोटीन-१ प्रतिपिंडे. शेवटच्या दोन्हींमध्ये आयजीजी आणि आयजीएम असे दोन प्रकार मोजतात. काही प्रयोगशाळांच्या दरपत्रकात ‘अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी’ या नावाची एकत्रित चाचणी असते आणि नावसाधर्म्यामुळे तीच केली जाते. परंतु तिच्यात ल्युपस अँटिकोॲग्युलंटचा समावेश नसतो, आणि गुठळ्यांच्या धोक्याशी सर्वांत घट्ट संबंध नेमका त्याचाच आहे. त्यामुळे पैसे भरण्यापूर्वी तिन्ही नावे पावतीवर आहेत की नाहीत, हे विचारून घ्यावे.

ल्युपस अँटिकोॲग्युलंट हे नावच दोन्ही बाजूंनी फसवे आहे. ते आढळणाऱ्या बहुतेकांना ल्युपस हा स्वप्रतिकारक आजार नसतो, आणि परीक्षानळीत ते रक्त गोठायला उशीर लावत असले तरी शरीरात मात्र गुठळ्या वाढवते. शस्त्रक्रियेपूर्वीच्या नेहमीच्या तपासणीत एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणारी एक चाचणी) लांबलेला दिसतो, घरचे लोक रक्तस्रावाच्या भीतीने हादरतात, आणि पुढच्या तपासणीत कळते की या रुग्णाला धोका रक्तस्रावाचा नसून गुठळीचा आहे.

ही चाचणी थेट प्रतिपिंड मोजत नाही. ते रक्त गोठण्यात कसा अडथळा आणते, ते पाहते. म्हणून ती दोन पद्धतींनी करावी लागते. एक एपीटीटीवर आधारलेली असते आणि दुसरी, डीआरव्हीव्हीटी, चक्क घोणस सापाच्या विषावर. आपल्या शेतशिवारात आढळणाऱ्या घोणसाच्या विषातील एक घटक रक्त गोठण्याच्या साखळीतील दहाव्या घटकाला थेट जागे करतो. ते विष अतिशय विरळ करून, फॉस्फोलिपिड मुद्दाम कमी ठेवून प्लाझ्मा (रक्तातील पेशी वगळून उरणारा द्रव) गोठायला किती सेकंद लागतात ते मोजतात. वेळ लांबली, तर रुग्णाचा प्लाझ्मा निरोगी प्लाझ्मात समभाग मिसळून पुन्हा मोजतात. रुग्णात केवळ एखाद्या घटकाची कमतरता असेल तर वेळ पूर्ववत होते, अडथळा आणणारे प्रतिपिंड असेल तर होत नाही. शेवटी भरपूर फॉस्फोलिपिड घालून तीच चाचणी करतात. आता वेळ कमी झाली, तर अडथळा फॉस्फोलिपिडावर अवलंबून होता हे सिद्ध होते. अहवालात हे तिन्ही टप्पे आणि शेवटी स्पष्ट निष्कर्ष हवा. नुसते सेकंदांचे आकडे असतील, तर प्रयोगशाळेतील पॅथॉलॉजिस्टकडून लेखी अर्थ मागून घ्यावा; तो आपला हक्क आहे.

रक्त देण्यापूर्वी औषधांची पूर्ण यादी सांगणे ही रुग्णाच्या बाजूची सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. रक्त पातळ करणारी औषधे, म्हणजे हेपॅरिनचे इंजेक्शन चालू असेल, वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमॅरॉल चालू असेल, किंवा रिव्हारॉक्साबॅन, अपिक्साबॅन, डॅबिगाट्रान यांसारखी नवी औषधे चालू असतील, तर ल्युपस अँटिकोॲग्युलंटचा निकाल बिघडू शकतो. रिव्हारॉक्साबॅन तर डीआरव्हीव्हीटीमध्ये खोटा ‘पॉझिटिव्ह’ दाखवण्यात कुप्रसिद्ध आहे. शक्य असेल तर औषध सुरू होण्यापूर्वीच नमुना घ्यावा. ते शक्य नसल्यास शेवटचा डोस कधी घेतला, ती वेळ चिठ्ठीवर लिहून घ्यावी. इंजेक्शन आणि नवी औषधे यांच्या बाबतीत नमुना सहसा शेवटच्या डोसनंतर किमान बारा तासांनी, पुढचा डोस घेण्याच्या अगोदर घेतात. मात्र तपासणीसाठी म्हणून यांपैकी कोणतेही औषध स्वतःच्या मनाने थांबवू नये. गुठळी ताजी असताना औषध बंद करणे जिवावर बेतू शकते. अँटिकार्डिओलिपिन आणि बीटा-२ यांवर या औषधांचा परिणाम होत नाही, त्यामुळे त्या दोन चाचण्या औषध चालू असतानाही करता येतात.

वेळेचा दुसरा भाग आजारपणाचा. ताप, जंतुसंसर्ग किंवा सीआरपी (शरीरातील दाह दाखवणारे प्रथिन) वाढलेले असताना एपीटीटीवर आधारलेली चाचणी खोटी ‘पॉझिटिव्ह’ येऊ शकते. याउलट, ताजी गुठळी किंवा गर्भारपण असताना रक्त गोठवणाऱ्या साखळीतील आठवा घटक वाढलेला असतो, आणि त्यामुळे खरा दोष झाकला जाऊ शकतो. संसर्गानंतर काही आठवडे ही प्रतिपिंडे तात्पुरती उमटून नाहीशीही होतात.

नमुना हातातून किंवा कोपरातून फार वेळ पट्टा न आवळता, एका टोचण्यात घ्यावा. ल्युपस अँटिकोॲग्युलंटसाठी निळ्या झाकणाची, ३.२ टक्के सोडियम सायट्रेट असलेली ट्यूब वापरतात आणि ती खुणेपर्यंत भरणे अनिवार्य असते, कारण रक्त आणि सायट्रेट यांचे प्रमाण ९:१ असेच हवे. अर्धवट भरलेली ट्यूब दिसली, तर दुसरी घ्यायला सांगण्यात संकोच करू नये. पुढचे काम तंत्रज्ञाचे : चार तासांच्या आत प्लाझ्मा वेगळा करणे आणि तो सेंट्रिफ्यूज मशीनमध्ये दोनदा फिरवणे, म्हणजे प्लेटलेट एका मायक्रोलिटरमध्ये दहा हजारांच्या खाली येतात. प्लेटलेटमध्ये स्वतःचे फॉस्फोलिपिड असते. ते उरले, की प्रतिपिंडे त्यालाच चिकटतात आणि चाचणी खोटी ‘निगेटिव्ह’ येते. म्हणून गावातील कलेक्शन सेंटरमधून ट्यूब तशीच शहरात पाठवली जात असेल, तर प्लाझ्मा तिथेच वेगळा करून गोठवून पाठवतात का, हे आधी विचारावे. नसेल तर थोडा प्रवास करून मोठ्या प्रयोगशाळेत रक्त देणेच शहाणपणाचे.

अहवाल हाती आला, की अँटिकार्डिओलिपिनचा आकडा पाहावा. ‘पॉझिटिव्ह’ शब्दापेक्षा आकडा महत्त्वाचा असतो. प्रयोगशाळेच्या मर्यादेच्या किंचित वर असलेले मूल्य निरोगी माणसातही सापडते; या आजारासाठी २००६ साली प्रसिद्ध झालेले सिडनी निकष साधारण ४० एककांपेक्षा जास्त मूल्यालाच अर्थपूर्ण मानतात, आणि २०२३ च्या नव्या निकषांमध्ये केवळ आयजीएमच्या वाढीला फार कमी वजन दिले आहे. तिन्ही चाचण्या एकत्र ‘पॉझिटिव्ह’ असलेल्या रुग्णाला धोका सर्वाधिक असतो. अशांमध्ये रिव्हारॉक्साबॅनपेक्षा वॉरफरिनने संरक्षण चांगले मिळते, हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसून आले, त्यामुळे डॉक्टर औषध बदलत असतील तर त्यामागे हे कारण असू शकते.

पहिला अहवाल ‘पॉझिटिव्ह’ आला, की किमान बारा आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा करावी, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत, कारण वेगवेगळ्या किटचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. पूर्वी हे अंतर सहा आठवड्यांचे होते. तात्पुरती प्रतिपिंडे निदानात शिरू नयेत म्हणून ते वाढवण्यात आले. या मधल्या काळात उपचार थांबत नाहीत. गुठळी झालेली असेल किंवा गर्भारपण असेल, तर डॉक्टर लक्षणांवरून औषध चालूच ठेवतात.

आणखी एक बाब गरोदर स्त्रियांसाठी सांगितली पाहिजे. व्हीडीआरएल ही सिफिलिसची चाचणी गरोदरपणात सरसकट होते आणि तिच्यात कार्डिओलिपिनच वापरतात. त्यामुळे या प्रतिपिंडांमुळे ती खोटी ‘पॉझिटिव्ह’ येऊ शकते. अशा वेळी टीपीएचएसारखी खात्रीची चाचणी होण्याआधी नवरा-बायकोत संशय उभा राहू देऊ नये.

वॉरफरिन सुरू झाल्यावर घरी किंवा दवाखान्यात बोटातून रक्त घेऊन छोट्या यंत्रावर आयएनआर (रक्त किती पातळ झाले आहे ते सांगणारा आकडा) पाहिला जात असेल, तर ल्युपस अँटिकोॲग्युलंट असलेल्या रुग्णाने एकदा तरी शिरेतल्या रक्तावर प्रयोगशाळेत केलेल्या आयएनआरशी तो ताडून पाहावा. काही रुग्णांमध्ये यंत्र आकडा वाढवून दाखवते. त्यावर विसंबून डोस कमी केला, तर गुठळीपासूनचे संरक्षण नकळत सुटते.