कार्बन पोलादाचा ओपिनेल: निवड, देखभाल आणि धार

जुन्या पद्धतीचा, कामाचा घडीचा चाकू ओळखायला शिकायचे असेल तर कार्बन पोलादाचा ओपिनेल नंबर 8 घ्या. फ्रान्सच्या आल्प्समध्ये, सॅव्हॉय भागात, जोसेफ ओपिनेल यांनी 1890 मध्ये पहिला ओपिनेल चाकू आसपासच्या शेतकऱ्यांसाठी घडवला. एक पाते, लाकडी मूठ, एक खीळ आणि दोन पोलादी कड्या एवढाच त्याचा पसारा. फिरणारी कडी 1955 मध्ये आली; ती फिरवली की उघडलेले पाते बोटांवर मिटत नाही. वजन नगण्य, पाते साडेआठ सेंटिमीटरचे आणि पातळ. या पातळपणातच त्याचा खरा गुण आहे. जाड पात्याचा चाकू सफरचंद फोडतो, हा ते कापतो.

पात्यावर ‘इनॉक्स’ कोरलेले असेल तर ते स्टेनलेस. तेही वाईट नाही, पण दगडावर कार्बन जास्त लवकर वळणावर येते आणि हातालाही बरेच काही शिकवते. विकत घेताना दोनच गोष्टी बघा. मिटलेले पाते मुठीच्या खाचेत मधोमध बसले पाहिजे. उघडून कडी फिरवल्यावर पाते डावी-उजवीकडे हलता कामा नये. बाकी मुठीवरची नक्षी, लाकडाचे दुर्मिळ प्रकार वगैरेंचे पैसे वाचवा.

मूठ पाण्यात बुडवू नका. रत्नागिरी-सिंधुदुर्गासारख्या दमट हवेत पाऊस लागला की लाकूड फुगते आणि पाते आत धरून ठेवते. तेव्हा नखाने ओढत बसायचे नाही, नख तुटते. कडीची फट खाचेसमोर आणा, बोटे खाचेपासून दूर ठेवा आणि मुठीचे मागचे टोक कडक पृष्ठभागावर ठोका. पाते थोडे वर येते, मग चिमटीत धरा. सॅव्हॉयचे लोक पिढ्यान्‌पिढ्या हेच करतात. तरीही अडकत असेल तर चाकू सावलीत वाळू द्या आणि खाचेच्या आतल्या भिंती बारीक पॉलिश पेपरने हलक्या घासा. उन्हात ठेवू नका, लाकूड तडकते. मुठीला जवसाचे तेल, पात्याला खोबरेल. ही अदलाबदल करू नका: जवस वाळून कडक होते म्हणून लाकडाला चांगले, आणि त्याच कारणाने खिळीशी चिकट बसते.

आता धार. सगळे इथेच अडतात, मीही बराच काळ इथेच अडलो होतो.

आधी काय करायचे नाही ते सांगतो. सायकलवर दगड फिरवणाऱ्या धारवाल्याकडे किंवा वर्कशॉपच्या ग्राइंडरवर हे पाते देऊ नका. पातळ कडा क्षणात तापते. तिथे निळसर छटा दिसली की समजा, त्या जागेचे पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, गेले. पुढे कितीही घासा, ती जागा धार धरणार नाही. दोन चकत्यांमधून पाते ओढायची स्वस्त यंत्रेही नकोत. ती धार लावत नाहीत, पोलाद ओरबाडतात.

एक हजार ग्रिटचा दगड घ्या (ग्रिटचा आकडा जितका मोठा, तितका दगड बारीक) आणि ओला ठेवा. कोनासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. पात्याची रुंदी जितकी, तिच्या साधारण एक तृतीयांश उंचीवर पाठ दगडापासून उचलायची. तो सुमारे वीस अंशांचा कोन झाला. विश्वास बसत नसेल तर धारेच्या पट्टीवर काळ्या मार्करची रेघ ओढा आणि दोन-तीन हात फिरवून बघा. शाई फक्त वरच्या, पाठीकडच्या बाजूला पुसली गेली तर कोन कमी आहे. फक्त अगदी कडेची गेली तर जास्त आहे. सगळी गेली की बरोबर.

मग एकाच बाजूने घासत राहा. टोकाकडे येताना मूठ किंचित वर उचला, नाहीतर वळणावरचा भाग दगडाला लागतच नाही. आता खरी गोष्ट, जी बहुतेक सल्ल्यांत एका ओळीत उरकली जाते: एका बाजूने पुरेसे घासले की पोलादाची अतिबारीक कडा उलट बाजूला वळते. तिला वर्कशॉपात बर म्हणतात. ती आली की नाही हे बघण्यासाठी अंगठा पाठीकडून धारेकडे, आडवा सरकवा. धारेच्या लांबीने कधीच नाही, कापेल. नखाला बारीक अडथळा जाणवेल. तो टाचेपासून, म्हणजे पात्याच्या मुठीजवळच्या टोकापासून, पुढच्या टोकापर्यंत सलग जाणवेपर्यंत बाजू बदलायची नाही. निम्म्या लांबीला बर आला आणि बाजू बदलली, की पुढचा सगळा वेळ वाया जातो. धार लागत नाही अशी तक्रार करणाऱ्यांपैकी बहुतेकांचे नेमके इथेच चुकते.

दुसऱ्या बाजूनेही तसाच सलग बर आणा. आता तो काढायचा आहे, आणि हे आणण्यापेक्षा नाजूक काम आहे. दाब जवळजवळ शून्यावर आणा, चाकूचे स्वतःचे वजनच पुरे. एकेक हात, आलटून-पालटून बाजू बदलत फिरवा. मग तीन-चार हजार ग्रिटच्या दगडावर तेच करा. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर, धार मागे ठेवून, पाठीच्या दिशेने ओढा. पट्टा टेबलावर सपाट पसरा; हवेत ताणून धरलात तर धार गोल होते.

बर राहून गेला तर चाकू कागद सफाईने कापतो आणि दोन टोमॅटोंनंतर बोथट होतो, कारण ती वळलेली कडा मोडून पडते. म्हणून कागदावर समाधान मानू नका. पिकलेल्या टोमॅटोच्या सालीवर पाते दाब न देता ठेवा आणि ओढा. साल आपोआप उघडली पाहिजे. दिव्याखाली धार वर करून बघा: धारदार कडेवर उजेडाची रेघ दिसत नाही. कुठे ठिपका चमकला तर ती जागा बोथट आहे.

कैरी किंवा लिंबू चिरले की पात्यावर करडे-निळे डाग पडतील. ते घासू नका, तो थर पुढच्या गंजापासून थोडे वाचवतो. तांबडा गंज मात्र दिसला की लगेच घासून काढा. काम झाले की पाते पुसा, कोरडे करा, मगच मिटवा. ओले मिटवलेले पाते रात्रीत गंजते. रोजच्या वापराला चामड्यावर थोडे हात पुरतात. टोमॅटोची साल अडायला लागली की दगड काढा. विमानप्रवासात चाकू चेक-इन सामानातच ठेवा, हातातल्या बॅगेतून तो काढून घेतला जातो.