माइनक्राफ्ट १.१६.५ सर्व्हर: चॅटमध्ये ‘जेएनडीआय’ची ओळ (माझा अनुभव)

डिसेंबर २०२१. चॅटमध्ये डॉलर, महिरपी कंस आणि ‘जेएनडीआय’ (बाहेरच्या पत्त्यावरून काही शोधून आणायची जावाची सोय) असलेली ओळ आली की सर्व्हर अनोळखी पत्त्याशी जोडणी करायचा. खेळाडूला बॅन केलं. दुसऱ्या नावाने पुन्हा तेच. असे शोध बंद करणारा ‘नो-लुकअप्स’चा पर्यायही निकामी ठरला: तो लॉगफोरजे (सर्व्हर नोंदी लिहायला वापरतो ती जावा लायब्ररी, दोष तिच्यातच) २.१० पासून चालतो, १.१६.५ मध्ये २.८.१ आहे. दोन रात्री यातच गेल्या.

चाललं ते असं. आधी सर्व्हर बंद. १.१२ ते १.१६.५ साठीची अधिकृत एक्सएमएल फाइल (लॉगफोरजेची सेटिंग्ज) सर्व्हरच्या फोल्डरमध्ये ठेवली. सुरू करायच्या कमांडमध्ये, ‘हायफन जार’च्या आधीच (नंतर लिहिलं तर जावा ते घेतच नाही), ‘हायफन डी लॉगफोरजे डॉट कॉन्फिगरेशनफाइल’ला त्या फाइलचं नाव दिलं. मग सर्व्हर सुरू. तपासायला चॅटमध्ये तसाच डॉलर आणि त्याच कंसांत ‘जावा:व्हर्जन’ टाकलं. कन्सोलवर जावाच्या आवृत्तीचा आकडा न येता मजकूर जसाच्या तसा उमटला. जोडणी आधी झालेली, म्हणून पासवर्डही बदलले.