आजारपण कुडाळला, आपण कळव्यात

माझं माहेर कुडाळपासून आत, रिक्षाने वीस मिनिटांवर. सासर कळव्यात, नोकरी वागळे इस्टेटमध्ये. मे 2024 मध्ये आईला अर्धांगवायूचा झटका आला आणि जुलै 2025 मध्ये ती गेली. मधले चौदा महिने मी फोनवरची लेक होते. त्यात मी ज्या चुका केल्या त्या तुमच्याकडून होऊ नयेत आणि जे दोन-चार उपाय लागू पडले ते तुम्हाला आयते मिळावेत, म्हणून हे लिहितेय. परदेशात असणाऱ्यांनाही यातलं बरंच चालेल. खाटेजवळ आपण नसतो, हे दोघांनाही सारखंच.

सगळ्यात आधी हे मान्य करा की सेवा तुम्ही करत नाही आहात. ती जवळचं माणूस करतंय. आमच्याकडे वहिनी. आपलं काम वहिनीचा भार हलका करायचं. मला हे कळायला तीन महिने लागले. तोवर मी दिवसातून सहा फोन करायचे. गोळी दिली का, कुशीवर वळवलं का, भात पातळ केला होता का. शेवटी एक दिवस वहिनी म्हणाली, "ताई, तुमचा फोन उचलेपर्यंत आईंचा घास माझ्या हातात रवता." रागाने नाही म्हणाली, म्हणून जास्त लागलं.

पहिला फोन

त्या सकाळी दादा बाजारात गेला होता. वहिनीने फोन केला, आईचं तोंड वाकडं दिसतंय, बोलणं बोबडं येतंय. मी इथे डबा भरता भरता सांगितलं, "साखर उतरली असेल, साखरपाणी द्या आणि झोपू दे." दोन तास त्यातच गेले. हे मी आयुष्यभर विसरणार नाही, पण तुम्हाला सांगायचं ते वेगळं आहे.

चेहऱ्याची एक बाजू ओघळली, एक हात वर राहत नाही, जीभ जड झाली, यातलं एक जरी फोनवर ऐकलंत तरी सल्ला देऊ नका. 108 ला फोन करायला सांगा, नाहीतर दारातली रिक्षा काढायला. तोंडात पाणीही घालायचं नाही, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. मेंदूतल्या गुठळीवरचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, आणि तेही सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावर. म्हणजे गावाजवळ सीटी स्कॅनचं मशीन कुठे आहे, रात्री ते चालू असतं का, हे आई-वडील ठणठणीत असतानाच विचारून ठेवायचं. आमच्या सिंधुदुर्गातून मोठ्या दुखण्याला लोक गोव्याला, बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलला जातात. तो रस्ता किती तासांचा, हेही माहीत हवं.

डॉक्टर हमखास विचारतात, "शेवटच्या बऱ्या कधी होत्या?" ही वेळ लांबच्या माणसाकडे असू शकते. माझ्या मोबाईलवर सकाळी 7 वाजून 10 मिनिटांचा कॉल होता. त्यात ती स्वच्छ बोलली होती, "जेवणाक काय केलंस?" एवढंच. उपयोगी पडलेली ती माझी पहिली गोष्ट.

फाईल आणि पैसे: ही कामं आपली

एक ग्रुप काढा, नाव 'आईची फाईल'. त्यात फक्त रिपोर्ट, औषधांच्या पट्ट्यांचे फोटो आणि डिस्चार्जचे कागद. सुप्रभात नाही, आरती नाही, "काळजी घ्या" नाही. काका-मामांना आत घेऊ नका, त्यांना रोज संध्याकाळी तुम्हीच चार ओळी लिहा. हे काम वहिनीच्या डोक्यावरून उतरलं तेव्हा ती पहिल्यांदा दुपारची झोपली.

डॉक्टरांशी एकानेच बोलायचं. आमच्याकडे दादा. मी आदल्या रात्री त्याला तीन प्रश्न लिहून पाठवायचे: कालच्यापेक्षा काय बदललं, उद्या काय बघणार, आणि काय दिसलं तर आम्ही घाबरायचं. जास्त प्रश्न लिहिले की दादा एकही विचारायचा नाही.

भावाचं खातं आपल्या बँकेच्या ॲपमध्ये आजच जोडून ठेवा. नवीन जोडलेल्या खात्यावर पहिल्या दिवशी मोठी रक्कम जात नाही, हे मला आयसीयूच्या काउंटरवरून दादाचा फोन आल्यावर कळलं. यूपीआयची नेहमीची मर्यादा दिवसाला एक लाख असते. हॉस्पिटलला थेट भरताना ती पाच लाखांपर्यंत वाढवली गेली आहे, तेव्हा भावाला पाठवण्यापेक्षा हॉस्पिटलचाच क्यूआर कोड मागवा. मेडिक्लेम असेल तर कंपनीला कळवणं, फॉर्म, पाठपुरावा हे सगळं ठाण्यात बसून होतं. ते त्यांच्याकडे ठेवूच नका.

रजा कधी खर्चायची

मी पहिल्याच आठवड्यात धावत गेले आणि नऊ दिवस राहिले. आयसीयूत एकाला, तेही दहा मिनिटं सोडायचे. उरलेला दिवस मी बाकड्यावर. वहिनी घरून डबा करून पाठवायची, म्हणजे पेशंट एक होता आणि जेवायला माणसं दोन वाढली. आई घरी आली तेव्हा माझ्या खात्यावर चारच दिवस रजा उरली होती. आणि खरी गरज तेव्हा होती. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. रात्री कुणीतरी जागं लागतं.

तेव्हा पहिल्या दिवशी जाऊन तोंड दाखवून या. न जाता राहवत नाही, मलाही राहवलं नसतं. पण मोठी रजा डिस्चार्जनंतरसाठी ठेवा. आणि गेल्यावर पाहुण्यासारखं बसू नका. मी नंतर गेले तेव्हा वहिनीला चार दिवस तिच्या माहेरी, वेंगुर्ल्याला पाठवलं. त्या चार रात्रींत मला कळलं की मी फोनवरून काय काय बडबडत होते.

वस्तूही लांबून पाठवता येतात. एअर मॅट्रेस आणि कमोडची खुर्ची मी ठाण्यात घेतली आणि रात्रीच्या खासगी बसच्या डिकीत टाकली. सकाळी दादाने हायवेवर उतरवून घेतली. आपला चाकरमानी पूर्वीपासून हेच करत आलाय, फक्त ट्रंकेत बिस्किटं असायची.

ज्याला बोलता येत नाही त्याच्याशी फोनवर बोलणं

याबद्दल मला कुणी काही सांगितलं नव्हतं.

आईला समजायचं सगळं, शब्द यायचे नाहीत. पाणी म्हणायचं असेल तर "पान" म्हणायची आणि स्वतःवरच चिडायची. मी व्हिडिओ कॉल करायचे. वहिनी एका हाताने फोन धरणार, त्यात मला छत दिसणार, पंखा दिसणार, मध्येच आईचा कान. आई फोनकडे बघून रडायची, मग मी रडायचे, मग वहिनीला दोघींना आवरायला लागायचं. महिनाभर हा तमाशा केला.

मग व्हिडिओ बंद केला. रोज रात्री दोन मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड करून पाठवायला लागले. वहिनी दिवा लावून झाला की ते स्पीकरवर लावायची. उत्तर द्यायचं दडपण नाही, म्हणून आई शांत ऐकायची. काय बोलायचं? "कशी आहेस", "लवकर बरी हो" हे नको, तिला त्याचं उत्तर देता येत नाही. मी बातम्या द्यायचे. कळव्याच्या बाजारात बांगडे काय भावाने, लोकलमध्ये आज कोण कुणाशी भांडली, ठाण्याच्या मसुंदा तलावावर बोटीत बसायला केवढी रांग होती. मासे महाग झाले म्हटलं की आई नाक मुरडायची म्हणे. वहिनी मला तेवढंच लिहून पाठवायची: "आज नाक मुरडलं."

समोरासमोर किंवा फोनवर बोलताना प्रश्न असा विचारा की मान हलवून उत्तर देता येईल. चुकलेला शब्द सुधारू नका. आणि थांबा. दहा आकडे मोजून थांबा. लांबच्या माणसाला फोनवरची शांतता सहन होत नाही, तो लगेच पुढचं वाक्य टाकतो. त्या दहा आकड्यांत एकदा आई म्हणाली होती, "थंयच रव." तिकडेच राहा. मी ते मनाला लावून घेतलं नाही असं म्हणणार नाही, पण तिच्या परीने तिने मला सोडवलं होतं.

आवाज जपून ठेवा. आई बरी असतानाचे तिचे निरोप माझ्या जुन्या मोबाईलबरोबर गेले. आता माझ्याकडे आहे तो एकच तुकडा, त्यात ती गॅसवाल्याचा नंबर विचारतेय.

निघायचं की नाही, थांबवायचं की नाही

माणूस गेलं तर अग्नी द्यायला लांबच्याची किती वाट बघायची, हे बोलणं आधी करा. अभद्र वाटतं, तरी करा. आम्ही गणपतीत केलं होतं, दादा नि मी, पडवीत. ठरलं की माझी वाट बघायची, पण दुपारपर्यंतच.

आषाढी एकादशीनंतर दोन दिवसांनी पहाटे पावणेतीनला फोन आला. रात्रीची कोकणकन्या ठाण्यावरून कधीच गेली होती. दिव्याहून सावंतवाडी पॅसेंजर सकाळी असते, पण ती पोचायला संध्याकाळ. मी मांडवी एक्स्प्रेस घेतली, जनरल डब्यात. मांडवीत खाण्याची चंगळ असते म्हणतात. त्या दिवशी पूर्ण वेळ बटाटेवड्याचा वास येत होता आणि मला त्याचा राग येत होता.

रत्नागिरीच्या अलीकडे दादाचा फोन आला. पाऊस जरा थांबलाय, लाकडं सुकी आहेत, आता नाही केलं तर रात्रीपर्यंत जमणार नाही. मी हो म्हणायच्या आत गाडी करबुड्याच्या बोगद्यात शिरली. साडेसहा किलोमीटरचा बोगदा, रेंज नाही. बाहेर आलो तेव्हा मेसेज होता: अग्नी दिला.

तुमच्या बाबतीतही असं होऊ शकतं. म्हणून दोन गोष्टी. एक, "माझ्यासाठी थांबू नका" हे तुम्हीच आधी आणि स्पष्ट बोलून ठेवा, म्हणजे पावसाकडे बघत निर्णय घेणाऱ्या भावाच्या मनावर ओझं राहत नाही. दोन, चेहऱ्याचा फोटो काढून ठेवायला सांगा, पण लगेच पाठवू नका म्हणावं. मी तो चार महिन्यांनी मागितला. नसता काढला तर मागायलाच काही नसतं.

रेल्वेच्या तत्काळ तिकिटासाठी आधार जोडलेलं आयआरसीटीसीचं खातं लागतं, ते घाईच्या दिवशी जोडत बसायला नको. आताच जोडा. एसीचं तत्काळ आदल्या दिवशी 10 ला उघडतं, स्लीपरचं 11 ला.

परतल्यावर

तेरावं करून मी कळव्याला आले आणि इथे आई गेलेलीच नव्हती. म्हणजे इथल्या कुणी तिला पाहिलंच नव्हतं. ऑफिसात दोन दिवस सगळे हळू बोलले, तिसऱ्या दिवशी जीएसटीची तारीख आली. गावात दर दुसरं माणूस आईची गोष्ट काढतं. इथे तेच मिळत नाही, आणि दुःख तिथेच अडकतं, असं माझं मत आहे.

मी आमच्या वाडीच्या बायका शोधल्या. दोघी दिव्याला, एक डोंबिवलीला, एक लोकमान्य नगरात. एका रविवारी घरी बोलावलं. काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे केले. जमले नाहीत, आईच्या हातचे फुगायचे. चौघींनी वड्यांना नावं ठेवत आईच्या तीन अशा गोष्टी सांगितल्या ज्या मला माहीत नव्हत्या. एकीत ती झाडावर चढून फणस चोरते. तुमच्या गावचं मंडळ असेल तर तिथून नंबर काढा. जवळचे नातेवाईक नकोत, त्यांना सांत्वन करायचं असतं.

रडायला जागा हवी असेल तर लेडीज डबा चांगला. 9 वाजून काही मिनिटांच्या लोकलमध्ये कुणी विचारत नाही, पाण्याची बाटली पुढे येते. झोपच उडाली, जेवण तुटलं, असं आठवडेच्या आठवडे चाललं तर 14416 वर टेली-मानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा. फुकट आहे, चोवीस तास असतं, मराठीत बोलतात. मी केला होता. घरी सांगितलं नाही.

आणि कागद. हेही आपलं काम. मृत्यूची नोंद 21 दिवसांत ग्रामपंचायतीत व्हायला हवी, उशिरा केली की दंड आणि परवानग्या सुरू होतात. दाखल्यावर नाव आधारसारखंच आहे ना ते घ्यायच्या आधी बघा, आमच्याकडे वडिलांच्या नावात एक काना कमी होता आणि त्या कान्याने दोन फेऱ्या घातल्या. प्रती भरपूर काढा. सातबाऱ्यावरची वारस नोंद आता ई-हक्क या सरकारी संकेतस्थळावरून ऑनलाइन टाकता येते, ती मी कळव्यातून रात्री बसून टाकली.

वर्षश्राद्धाचं तिकीट मी मोठ्या हुशारीने काढलं. आगाऊ आरक्षण 60 दिवसांचं, तारीख धरून बरोबर साठाव्या दिवशी सकाळी 8 ला. दादाला कळवलं तर मागून वहिनीचा आवाज, "ताई, तिथी बघितलास?" 2026 ला अधिक ज्येष्ठ, तिथी जवळजवळ तीन आठवडे पुढे. तिकीट रद्द केलं. तेव्हा तुम्ही आधी पंचांग बघा, मग आरक्षण. माझं आता कोकणकन्याचं आहे, लोअर बर्थ, आणि डिकीत टाकायला यंदा काही नाही.