सायकलची चेन: घरी हात घालण्याआधी या चुका टाळा

आपल्याकडे चेन गंजून जाते त्यापेक्षा जास्त वेळा तेल पिऊन जाते. चेन कुरकुरली की बाटली आडवी करायची, ही जुनी खोड. उन्हाळ्यात जळगाव-भुसावळकडचा धुरळा आणि पावसाळ्यात काळ्या रानाचा चिखल त्या तेलाला चिकटतो, आणि तोच काळा लेप कड्या जोडणाऱ्या पिना आतून घासत बसतो.

म्हणून आधी फडकं, मग तेल. जुना टूथब्रश रॉकेल किंवा डिझेलमध्ये बुडवून कड्या घासा, पुसा, पूर्ण वाळू द्या. मग पेडल उलटं फिरवत प्रत्येक रोलरवर (पिनेभोवती फिरणाऱ्या छोट्या नळीवर) एकच थेंब सोडा. दहा-पंधरा मिनिटांनी बाहेरचं सगळं तेल पुसून टाका. हे बहुतेकांच्या जिवावर येतं, पण तेलाची गरज पिन आणि रोलरच्या मध्ये असते, बाहेर नाही. पुसताना चेन दातांवर चढते तिथे बोटं नेऊ नका.

गॅरेजातलं जळकं ऑइल फुकट मिळतं म्हणून वापरू नका. त्यात इंजिनाची काजळी आणि धातूचा कीस असतो. गोडेतेल काही दिवसांत चिकट होतं. खोबरेल तर धुळ्याच्या थंडीत बाटलीतच गोठतं, चेनमध्ये वेगळं काय होणार? वरून थापलेलं ग्रीस आत शिरत नाही. चेनचं खास तेल मिळालं तर उत्तमच. शिलाई मशीनचं तेलही चालतं, फक्त पातळ असल्याने वरचेवर द्यावं लागतं.

चेन उतरते म्हणून ती तारेसारखी ताणणं ही दुसरी मोठी चूक. पेडल जड होतं आणि बेअरिंग लवकर खलास होतात. बिनगिअरच्या सायकलीत चेन मधोमध बोटाने वर-खाली साधारण अर्धा इंच हलायला हवी. पुढचं दात्याचं चाक क्वचितच अगदी गोल असतं, त्यामुळे पेडल फिरवून चेन सगळ्यात घट्ट कुठे होते ते शोधा आणि तिथेच मोजा. मागच्या चाकाचे दोन्ही नट ढिले करून दोन्ही बाजूंचे अ‍ॅडजस्टर (चाक मागे ओढणारे स्क्रू) सारखे फिरवा. एकच बाजू ओढली तर चाक तिरकं बसतं. नट पक्के आवळल्यावर ब्रेक बघायला विसरू नका: चाक सरकलं की ब्रेकचे रबर रिमवर पूर्वीच्या जागी बसत नाहीत. गिअरच्या सायकलीत मात्र चेनचा सैलपणा मागचा गिअर स्वतःच ओढून घेतो, तिथे चाक हलवू नका.

एवढं करूनही चेन उतरतेय किंवा चढावर जोर दिला की सटकतेय? चेनला मोजपट्टी लावा. पिनेपासून पिनेपर्यंत अर्धा इंच, म्हणजे 24 कड्यांचे बरोबर 12 इंच भरायला हवेत. शेवटची पिन इंचाचा आठवा भाग पुढे गेली असेल तर चेन संपली, आणि बहुधा फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या दात्याच्या चाकाचे, दातेही. झिजलेल्या फ्रीव्हीलवर नवी चेन आणखीच सटकते. पैसे वाचवायला एकच बदलू नका.

नवी चेन जोडताना लॉकच्या क्लिपचं (जोडाची कडी धरून ठेवणाऱ्या पत्र्याच्या चिमट्याचं) बंद टोक चेन ज्या दिशेला पळते तिकडे ठेवा, नाहीतर एखाद्या काटकीला अडकून ती निघून येते. जोडावरची कडी ताठ वाटली तर हाताने आडवी हलवून मोकळी करा.