मुलाचे टॉन्सिल सुजले तर काय करावं?

आवडीचा घाससुद्धा मूल तोंडात धरून बसलं, गिळेना, की घसा पाहायची वेळ झाली. त्याला उजेडात बसवा, 'आऽऽ' म्हणायला लावा आणि मोबाइलच्या टॉर्चने पाहा. पडजिभेच्या दोन्ही बाजूंचे गोळे म्हणजे टॉन्सिल. ते लालभडक, सुजलेले दिसतील, कधी त्यांवर पांढरे ठिपकेही असतील. चमचा मात्र आत खुपसू नका.

ठिपके दिसले म्हणजे अँटिबायोटिक हवंच, असं नाही. बहुतेक वेळा हा संसर्ग विषाणूंचा असतो आणि आठवड्याभरात आपोआप बरा होतो. सोबत सर्दी, खोकला किंवा बसलेला आवाज असेल तर शक्यता त्याचीच. पण ताप अचानक चढला, जबड्याखाली दुखऱ्या गाठी आल्या आणि खोकला अजिबात नसेल, तर ५ ते १५ वर्षांच्या मुलांत स्ट्रेप्टोकोकस जिवाणूची शंका घ्यावी लागते. नुसतं पाहून डॉक्टरांनाही खात्री देता येत नाही. म्हणून घशाचा स्वॅब, म्हणजे कापसाच्या काडीने घेतलेला नमुना, तपासतात.

स्ट्रेप निघाला तर पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन देतात, बहुधा १० दिवस. तिसऱ्या दिवशी मूल उड्या मारू लागतं आणि औषधाची बाटली मागे पडते. कृपा करून असं होऊ देऊ नका. अर्धवट उपचारांमुळे पुढे संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. उरलेलं औषध पुढच्या वेळी आपल्या मनाने देणंही तितकंच चूक.

दुखण्यावर पॅरासिटामॉल द्या, मात्रा वजनानुसार डॉक्टरांना विचारून. अ‍ॅस्पिरिन मुलांना देऊ नये. जेवणाचा आग्रह नको, पण घोट घोट पाणी पाजत राहा. एक वर्षावरच्या मुलाला चमचाभर मध चालतो.

लाळ गळतेय, तोंड उघडत नाही, श्वास घेताना आवाज येतोय किंवा लघवी फारच कमी झालीय, तर थेट रुग्णालय गाठा.

टॉन्सिल काढण्याच्या ऑपरेशनची घाई नको. वर्षात ७ वेळा, किंवा सलग दोन वर्षं दरवर्षी ५ वेळा, किंवा सलग तीन वर्षं दरवर्षी ३ वेळा असा त्रास झाला, तरच साधारणपणे त्याचा विचार होतो. झोपेत श्वास अडकत असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा थांबू नका. ऑपरेशननंतर घशात पांढरट थर दिसतो. ती जखम भरतेय. ताजं रक्त दिसलं, थोडंसं जरी, तरी त्याच क्षणी निघा.