तंजावरला जाताय? निदान या चुका तरी टाळा

मदुराई आणि रामेश्वरच्या सहलीत ‘वाटेत पडतंय’ म्हणून तंजावर उरकायचं, ही आपल्याकडच्या लोकांची जुनी खोड. १६७६ ते १८५५ जिथे भोसल्यांचं राज्य नांदलं, त्या गावाला दोन तास? निदान दोन रात्री मुक्काम करा. पुढच्या निम्म्या चुका तिथेच टळतात.

बृहदीश्वराला भर दुपारी पोचू नका. एकदा मार्चमध्ये मी देवळाच्या ओवरीत बसलो होतो. पावणेएकला आपल्याकडच्या एका सहल कंपनीची मंडळी आत आली. गाभारा बंद झालेला, चपला बाहेर काढलेल्या आणि अंगणातला दगड तव्यासारखा तापलेला. मुलं टाचांवर उड्या मारत होती. दोन आज्या नंदीच्या मंडपाची सावली गाठताना रडकुंडीला आल्या. त्यांच्यातल्या एका काकांना मी ओवरीतला मराठी शिलालेख दाखवला. तंजावरचे राजे दुसरे सरफोजी यांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास तिथे भिंतीवर देवनागरीत कोरून घेतला आहे. काकांनी चष्मा पुसला आणि अक्षर लावत मोठ्याने वाचायला सुरुवात केली. दोन ओळी होतात न होतात तोच ‘चला, गाडी सुटतेय’ अशा हाका सुरू झाल्या. इतक्या लांब येऊन आपल्याच भाषेतल्या दोन ओळी! मला अजून त्याचा राग येतो.

मी सकाळी दार उघडतं तेव्हाच जातो. राजराज चोळाने १०१० मध्ये पूर्ण केलेलं ते उंच विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, कोवळ्या उन्हात शांतपणे बघता येतं. दुपारी जेवून झोपतो आणि पाचनंतर पुन्हा जातो. तेव्हा गावातली माणसं पोराबाळांसह अंगणात येऊन बसलेली असतात. तापलेल्या दगडासाठी जाड पायमोजे पिशवीत ठेवा.

दुसरी चूक गाण्याची, आणि ती मला जास्त लागते. तंजावरपासून तेरा किलोमीटरवर, कावेरीकाठी तिरुवैयारूला कर्नाटक संगीतातले थोर संत-रचनाकार त्यागराज यांची समाधी आहे. १८४७ मध्ये ते गेले ती तिथी पौष वद्य पंचमी. त्या दिवशी त्यांची आराधना, म्हणजे पुण्यतिथीचा उत्सव असतो. लोक गेल्या वर्षीची तारीख धरून तिकिटं काढतात! २०२४ मध्ये ती ३० जानेवारीला होती, २०२५ मध्ये १८ जानेवारीला. आधी पंचांग बघा, मग रेल्वेचं आरक्षण करा. आणि ‘दहापर्यंत पोचू’ म्हणू नका. शेकडो गायक-वादक समोरासमोर बसून त्यांच्या पाच रचना, म्हणजे पंचरत्न कृती, एकत्र गातात, ते सकाळी. नाट रागापासून श्री रागापर्यंत पाचही कृती सलग होतात. उशिरा आलेल्याला मांडवाच्या कडेला उभं राहून फक्त डोकी दिसतात. मी आदल्या दिवशीच जातो, संध्याकाळच्या छोट्या छोट्या मैफिली ऐकतो आणि सकाळी सातला जागा धरतो. मोबाइल उंच धरून चित्रीकरण करणाऱ्यांनी कृपया घरीच थांबावं. मागच्या माणसालाही ऐकायचं आणि बघायचं असतं.

खाण्याबद्दल थोडक्यात सांगतो. केळीच्या पानावरचं ‘मील्स’ दुपारचं असतं. साडेतीनला जाऊन ते मागितलं तर नाही म्हणतात, त्यावर वाद घालू नका. तिथे पोळी मागणं सोडा. भात आधी सांबाराबरोबर, मग रसमबरोबर, शेवटी ताकाबरोबर खा. सगळं एकदम कालवून पाच मिनिटांत उठणाऱ्याला त्या जेवणाची चवच कळत नाही. कॉफी पेल्याबरोबर येणाऱ्या पसरट वाटीत ओतून, वरखाली करून प्या. तिरुवैयारूचा अशोका हलवा मुगाच्या डाळीचा असतो, तो गरम असतानाच खा.

सरस्वती महाल या तिथल्या जुन्या ग्रंथालयात सगळी हस्तलिखितं बघायला मिळतील असं समजू नका. पर्यटकांसाठी संग्रहालयाचं दालन आहे. मोडी कागद अभ्यासायचे असतील तर आधी परवानगी घ्या. जाण्यापूर्वी सुट्टीचा वारही विचारा.

तंजावर चित्र स्वस्तात आणि लगेच हवं म्हणणाऱ्याच्या गळ्यात छापील कागद पडतो. खऱ्या चित्रात उठाव असतो आणि त्यावर सोन्याचा वर्ख लावलेला असतो. चित्र तिरपं धरून बघा, उठाव लगेच दिसतो. वीणेच्या कारखान्यात मात्र विचारल्याशिवाय शिरू नका. फणसाच्या लाकडावर पडदे मेणात बसवण्याचं काम चालू असेल, तर गप्प उभं राहून बघा. कारागिराला मध्येच किंमत विचारू नका.