मुलांना घेऊन कळसूबाईला जाताय? आधी नखं कापा

मागच्या डिसेंबरात आम्ही दोन्ही मुलांना घेऊन कळसूबाईला गेलो होतो. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहा. माथ्यावर पोचलो, देवीचं दर्शन झालं, फोटो झाले, आणि उतरताना जे हाल झाले ते पुन्हा नकोत म्हणून ही यादी लिहून ठेवते आहे. यंदा परत जायचं आहे. तुम्हालाही जायचं असेल तर घ्या.

मुलांच्या पायाची नखं कापा. बाकी सगळं नंतर.

पाणी, खाऊ, टोप्या, औषधं, सगळं मी आठवणीने घेतलं होतं. नखं राहिली. शुक्रवारी ऑफिसातून उशिरा आले, म्हटलं उद्या कापू. शनिवारी आमच्याकडे नखं कापत नाहीत, सासूबाई नको म्हणाल्या आणि मीही जाऊ दे म्हटलं. रविवारी उतरताना दुसऱ्या शिडीखाली मुलगी दगडाला धरून बसली. रडली नाही, नुसती बसून राहिली. बूट काढला तर मोज्याचं टोक लाल झालेलं, आणि अंगठ्याचं नख मुळापासून उचललेलं. उतारावर प्रत्येक पावलाला पाय बुटात पुढे सरकतो आणि बोटं टोकावर आदळतात. नख जरा जरी वाढलेलं असेल तर तो मार सगळा त्याच्या मुळाशी बसतो. चढताना काहीच कळत नाही, हाच घोळ आहे. तिच्या बाबांनी तिला पाठुंगळीला घेतलं, दोन्ही सॅक मी घेतल्या, धाकट्याचा हात धरला. पायथ्याच्या बारी गावात पोचायला साडेसात वाजले. शेवटचा तासभर मोबाईलच्या उजेडात उतरलो. गावातला एक दादा बॅटरी घेऊन वर आला म्हणून निभावलं.

तेव्हा नखं बुधवारी किंवा गुरुवारी कापा. आदल्या रात्री नको, कारण जास्त खोल गेलं तर भरून यायला दिवस लागतात. सरळ कापा, कोपरे गोल करून आत घुसू नका. दहाही बोटं बघा, करंगळीसुद्धा. मूल म्हणेल मी कापलीत, तरी स्वतः हात लावून बघा.

बूट नवे नकोत. किमान दोन आठवडे घरात, शाळेत, खाली खेळायला घातलेले हवेत. संध्याकाळी, जाड मोजे घालून, मुलाला उभं करून पुढे तुमच्या अंगठ्याएवढी जागा आहे का ते बघा. वेल्क्रोचे बूट धुळीने सुटतात, लेसचेच घ्या. आणि माथ्यावरून निघताना लेस सोडून घोट्याजवळ नव्याने घट्ट आवळा, म्हणजे पाय पुढे सरकत नाही. हे मी मागच्या वेळी केलं नव्हतं. नखं कापली आणि लेस आवळली असती तर मुलगी स्वतःच्या पायांनी उतरली असती.

आता वेळ. कळसूबाई 1646 मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, आणि बारीतून 800 मीटरच्या वर चढाई आहे. मोठी माणसं तीन-साडेतीन तासांत जातात. आम्हाला पाच तास लागले, मुलं मध्येच खडे गोळा करायला बसतात ते धरून. मुंबईहून पहाटे निघून त्याच दिवशी चढायचं मुलांबरोबर डोक्यातही आणू नका. आदल्या संध्याकाळी बारीत पोचा, घरगुती जेवण आणि राहायची सोय होते. सकाळी सहाला पाऊल बाहेर. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा साडेबारा वाजले की जिथे असाल तिथून मागे फिरा. शेवटची शिडी समोर दिसत असली तरी. आम्ही दीडला माथ्यावर होतो, ते चुकलंच.

शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा. शिड्यांवर रांग लागते, मागचे घाई करतात, वरचे मध्येच थांबून फोटो काढतात, आणि मूल मध्ये अडकतं. शिड्या लोखंडी आहेत, पायऱ्यांमधलं अंतर मोठ्यांच्या पायाचं. सहा वर्षांच्या मुलाचा गुडघा छातीला लागतो. चढताना तुम्ही त्याच्या एक पायरी खाली, दोन्ही हात त्याच्या दोन्ही बाजूंनी कठड्याला. उतरतानाही खाली तुम्हीच, आणि मुलाचं तोंड शिडीकडे, मग तो कितीही कुरकुर करो. पातळ हातमोजे घ्या. सकाळी लोखंड बर्फासारखं गार असतं, दुपारी चटके देतं. पावसाळ्यात लहान मुलांना नेऊ नका. शिड्या निसरड्या होतात आणि धुक्यात दहा पावलांवरचं दिसत नाही. मार्चनंतर ऊन सोसत नाही, वाटेवर सावली फारशी नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, बस.

गावातला वाटाड्या खालूनच बरोबर घ्या. वाट सापडते, त्यासाठी नाही. मूल उचलायची वेळ आली तर त्या वाटेवर सराईत पाय लागतात.

पाणी मुलामागे दीड लिटर. माथ्याच्या खाली विहीर आहे, पण तिच्या भरवशावर निघू नका. ओआरएसच्या पुड्या. खाऊ म्हणजे दशम्या, खजूर, शेंगदाण्याची चिक्की, दर अर्ध्या तासाला एक घास. दमलं की मूल जेवत नाही, म्हणून भूक लागायची वाट बघू नका. वाटेवर लिंबू सरबत, पिठलं-भाकरी मिळते, सुटे पैसे ठेवा. माथ्यावर वारा जोराचा, घाम आलेल्या मुलाला लगेच थंडी भरते. स्वेटर सॅकमध्ये वरच हवा, तळाशी नको. टोपी, शिटी, बँडेज पट्टी, जंतुनाशक मलम, एक जास्तीची मोज्यांची जोडी.

बॅटरी प्रत्येकाची वेगळी, डोक्याला बांधायची, सेल नवे. उजेडात उतरणार असलात तरी.

माथ्यावर अर्धा तास पुरे. मुलांना अलंग, मदन, कुलंग हे किल्ले दाखवा, भंडारदऱ्याचं पाणी दाखवा, खायला घाला, लेस आवळा, निघा.

उतरताना दर वीस मिनिटांनी विचारा, बोटं दुखतात का. मूल नाही म्हणालं तरी एकदा मध्ये बूट काढून बघा.

खाली आल्यावर बूट काढा, पाय धुवा, चप्पल द्या, जेवण, गाडी, झोप. नख काळं पडलं असेल तर ओढू नका, झाकून ठेवा, डॉक्टरांना दाखवा. आमच्या मुलीचं नख पुरतं यायला आठ महिने लागले.

नेलकटर मी आत्ताच मोज्यांच्या पिशवीत टाकलाय. येत्या गुरुवारी कापणार आहे, दोघांची.